एका चोचीची तीन मापे

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे एक हजार किलोमीटर अंतरावर, प्रशांत महासागरात गॅलापागोस नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील डॅफ्ने मेजर हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेल्या एका मृत ज्वालामुखीचे तोंड. क्षेत्रफळ अवघे ३४ हेक्टर, उंची १२० मीटर. तेथे गोड्या पाण्याचा झरा नाही, मनुष्यवस्ती नाही, आणि होडी लावण्याजोगा किनाराही नाही. कड्याच्या एका टप्प्यावर उडी घेऊनच बेटावर पाय ठेवावा लागतो. अशा या ओसाड जागी पीटर ग्रँट आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३ साली प्रथम आले आणि पुढे २०१२ पर्यंत, जवळजवळ ४० वर्षे, आपल्या विद्यार्थ्यांसह दरवर्षी येत राहिले. पिण्याचे पाणी, शिधा, तंबू असे सारे काही त्यांना बरोबर न्यावे लागे.

त्यांचे काम वरवर पाहता अगदी कंटाळवाणे होते. फिंच नावाचे आपल्या चिमणीएवढे पक्षी जाळीत धरावयाचे, पायांत रंगीत कड्या अडकवावयाच्या, वजन करावयाचे, पंख व पायाचे हाड मोजावयाचे, आणि शेवटी कॅलिपरने चोचीची तीन मापे घ्यावयाची. लांबी म्हणजे बुडापासून टोकापर्यंतचे अंतर. जाडी म्हणजे वरच्या चोचीच्या माथ्यापासून खालच्या चोचीच्या तळापर्यंतचे अंतर. रुंदी म्हणजे एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंतचे अंतर. मापे वहीत उतरली की पक्षी सोडून द्यावयाचा. पुढल्या वर्षी तो जिवंत आहे काय, कोणाशी जोडी जमवली, पिले किती झाली, त्या पिलांच्या चोची केवढ्या, हेही लिहून ठेवावयाचे. बेट लहान असल्यामुळे त्यावरील बहुतेक प्रत्येक पक्षी कडीवरून ओळखू येई.

याच द्वीपसमूहावर चार्ल्स डार्विन १८३५ साली उतरला होता. त्याने नेलेले पक्षी लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८३७ साली तपासले आणि चोचींचे इतके नाना प्रकार असूनही हे सर्व परस्परांचे निकटचे भाऊबंद आहेत असे सांगितले. पुढे डार्विनने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडला. पण ही निवड इतकी मंद असते की मनुष्याला आपल्या हयातीत ती डोळ्यांनी पाहता येणार नाही, असेच त्याचे मत होते. ग्रँट दांपत्याने ती पाहिली, एवढेच नव्हे तर मिलिमीटरांत मोजली. या संशोधनाची ख्याती त्यासाठीच आहे. मला मात्र त्या वह्यांतील दुसरीच एक गोष्ट अधिक मोलाची वाटते आणि ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

उत्क्रांतीचे आपल्या मनातील चित्र बहुधा जिराफाचे असते. झाड उंच, मान आखूड. पिढ्यानपिढ्या मान वाढत गेली. एक प्राणी, एक अवयव, एक कारण. शालेय पुस्तकांतील या चित्राने एक मोठी सोय होते आणि एक मोठा गैरसमजही होतो. मान एकटी वाढत नाही. तिच्याबरोबर हृदय, रक्तवाहिन्या, मणके, पाय या सर्वांनाच हिशेबात घ्यावे लागते. २०२३ साली केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, तेव्हा देशातील अनेक शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला, आणि तो रास्तच होता. परंतु तो भाग पुस्तकात असतानाही विद्यार्थ्याच्या हाती बव्हंशी जिराफाची मानच पडत असे, हेही नमूद करावयास हवे. सजीवाचा कोणताही गुणधर्म अनेक मापांनी बनलेला असतो आणि ती मापे एकमेकांना बांधलेली असतात. मग निवड नेमकी कशाची झाली, हे ओळखावयाचे कसे? या प्रश्नाचे उत्तर १९७७ सालच्या दुष्काळाने दिले.

त्या वर्षी डॅफ्ने मेजरवर पावसाळ्यात अवघा २४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे आषाढातील एखादी सर त्याहून मोठी असते. गवते उगवली नाहीत, कोवळे बी धरले नाही, फिंच पक्ष्यांनी त्या वर्षी घरटीच बांधली नाहीत. जमिनीवर पूर्वीचे जे लहान, मऊ बी पडले होते ते काही महिन्यांत संपले, आणि उरले ते मोठे व कठीण बी. त्यात प्रमुख होते ट्रिब्युलस नावाच्या वनस्पतीचे काटेरी फळ. हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. आपल्या माळरानावर अनवाणी पायात रुतणारा जो सराटा, ज्याला वैद्य गोखरू म्हणतात, तो याच कुळातला. बेटावरील जात त्याची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची. सराट्याचे फळ वाळून त्याच्या कठीण फाका होतात, प्रत्येक फाकेला काटे, आणि आत जाड कवचाखाली थोडेसे बी. दगडाने ठेचावयाचे म्हटले तरी आपली बोटे सांभाळावी लागतात. तेथे १६-१७ ग्रॅम वजनाचा पक्षी ती फाक चोचीत धरून पिरगाळतो आणि फोडतो, किंवा फोडू शकत नाही.

जे फोडू शकले नाहीत ते मेले. बेटावर सर्वांत अधिक संख्येने असलेला फिंच म्हणजे जिओस्पायझा फॉर्टिस. त्याच्या शेकडा ८५ पक्ष्यांचा त्या दुष्काळात ऱ्हास झाला. पीटर बोग या विद्यार्थ्याने मागे राहिलेल्यांची मापे पूर्वीच्या मापांशी ताडून पाहिली. दुष्काळापूर्वी चोचीची सरासरी जाडी ९.४२ मिलिमीटर होती, जगलेल्यांची ९.९६ भरली. लांबी सरासरीने १०.६८ होती, ती ११.०७ झाली. अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन-चार पोस्टकार्डांची जाडी. पण जगणे आणि मरणे यांच्यामध्ये तेवढेच अंतर होते. माद्या नरांपेक्षा किंचित लहान असतात, म्हणून त्या अधिक मेल्या आणि पुढील विणीच्या हंगामात नरांना जोडीदारीण मिळेना. १९७८ साली पाऊस आला, पिले झाली, आणि त्या पिलांच्या चोचीही आईबापांप्रमाणे जाडच निघाल्या. चोचीची मापे मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असतात हे बोगने आधीच दाखविले होते.

येथपर्यंतची हकीकत आता बऱ्याच पुस्तकांत येते: दुष्काळ पडला, मोठ्या चोचीचे पक्षी जगले, चोच मोठी झाली. पुष्कळ जण येथेच थांबतात. खरी मौज येथून पुढे आहे.

जगलेल्या पक्ष्यांची चोच जाड होती, लांब होती आणि रुंदही होती. शिवाय त्यांचे शरीर थोराड होते, पंख मोठे होते. मग त्यांना वाचविले कशाने? जाडीने, रुंदीने, लांबीने, की अंगच्या वजनाने? थोराड पक्ष्याची चोच स्वभावतःच मोठी असते आणि जाड चोच बहुधा रुंदही असते. सर्व मापे एकाच वेळी वाढलेली दिसली म्हणून सर्वांचीच निवड झाली असे म्हणता येईल काय?

शाळेतील एक उदाहरण घेऊ. ज्यांना गणितात चांगले गुण असतात त्यांना संस्कृतातही बहुधा चांगले असतात. समजा, एखाद्या शिष्यवृत्तीसाठी केवळ गणिताचे गुण पाहून वीस मुले निवडली. संस्कृताकडे कोणी पाहिले नाही, तरी त्या वीस जणांची संस्कृताची सरासरी वर्गाच्या सरासरीहून चढीच निघेल. आता याहून विचित्र प्रसंग कल्पू. निवड करणाऱ्याच्या मनात संस्कृताविषयी थोडी अढीच आहे. गणित समान असेल तर तो संस्कृतात कमी गुण असलेल्या मुलाला घेतो. तरीसुद्धा निवडलेल्या वीस जणांची संस्कृताची सरासरी वर्गापेक्षा वरचढ येऊ शकते, कारण गणिताची ओढ त्या अढीपेक्षा बलवत्तर आहे. बाहेरून पाहणारा म्हणेल, येथे संस्कृताला मान आहे. खरा प्रकार उघडकीस आणावयाचा तर एकच उपाय: गणितात समान गुण असलेली मुले वेगळी काढावयाची आणि त्यांच्यापैकी कोण निवडले गेले ते पाहावयाचे.

रसेल लँड आणि स्टीव्हन अर्नोल्ड या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८३ साली हाच उपाय सजीवांच्या गुणधर्मांसाठी गणिती स्वरूपात मांडला. सर्व मापे एकदम हिशेबात घ्यावयाची, आणि बाकीची स्थिर आहेत असे धरून प्रत्येक मापावर निवडीचा स्वतंत्र दाब किती व कोणत्या दिशेने आहे हे काढावयाचे. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, ट्रेव्हर प्राइस, पीटर ग्रँट आणि त्यांचे सहकारी यांनी ही रीत डॅफ्नेच्या वह्यांना लावली. शरीराचे वजन आणि चोचीची जाडी यांवर दाब वाढीचा निघाला, हे अपेक्षितच होते. पण रुंदीवरचा दाब उलटा निघाला. सारख्याच जाडीचे दोन पक्षी घेतले तर त्यांतील अरुंद चोचीचा पक्षी जगण्याचा संभव अधिक होता!

याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. जगलेल्यांची चोच प्रत्यक्षात रुंद झालेली दिसत होती. निसर्ग मात्र तिला अरुंद करू पाहत होता. जाडीची ओढ एवढी जबर की तिच्या मागे बांधलेली रुंदी मनाविरुद्ध फरफटत वर गेली. जाड पण चिंचोळी चोच कदाचित सराट्याची फाक पिरगाळण्यास आणि फटीतून बी काढण्यास सोयीची पडत असावी. कारण काहीही असो, नुसत्या सरासरीकडे पाहणाऱ्याला हे कधीच दिसले नसते. किंबहुना त्याने अगदी उलटाच निष्कर्ष काढला असता.

परस्परांत गुंतलेली मापे सोडविण्याचे हे गणित भारताला अपरिचित नाही. त्याचा एक महत्त्वाचा धागा तर नागपुरातून निघतो. १९२० साली तेथे भरलेल्या विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्रशांतचंद्र महालनोबीस यांची प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅननडेल यांच्याशी गाठ पडली. अ‍ॅननडेल यांच्यापाशी कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे होती. त्यांचा उलगडा करावा असे त्यांनी महालनोबीसांना सुचविले. दोन मनुष्यसमूहांत अंतर किती, हे अनेक मापांवरून ठरविताना उंचीत जे येऊनच गेले ते हातापायांच्या लांबीत पुन्हा मोजले जाऊ नये, ही त्यातील मुख्य अडचण. तिच्यावर त्यांनी शोधलेले आणि १९३६ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध केलेले 'महालनोबीस अंतर' आज जगभर वापरले जाते.

मापे घेणे एक आणि त्यांतून अर्थ काढणे दुसरे, याचे आणखी एक उदाहरण आपल्या डॉ. इरावती कर्वे यांचे आहे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या दोन बाजूंतील असमानतेचा अभ्यास करीत होत्या. निरनिराळ्या वंशांत ही असमानता निरनिराळी असावी, असा गुरूंचा कयास होता. शिष्येच्या मापांत तसा भेद आढळला नाही, आणि तिने तसे लिहिले. पुढे सांख्यिकीचे जाणकार वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांवरील ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध केला. जिवंत माणसाचे एखादे माप हाती घेऊन त्यावर उच्चनीचतेची इमारत रचण्याचा उद्योग त्या काळी युरोपात जोरात होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कवट्यांच्या प्रबंधाचे महत्त्व कळते.

पुनः डॅफ्नेकडे वळू. निवडीचा दाब कळला तरी पुढची पिढी कशी निघेल हे त्यावरून थेट सांगता येत नाही, कारण मापांची गुंतागुंत आनुवंशिकतेतही असते. जाड चोचीच्या आईबापांची पिले जाड चोचीची तर होतातच, पण रुंद चोचीचीही होतात. म्हणून दाबाचे गणित आणि वारशाचे गणित यांचा गुणाकार करावा लागतो. ग्रँट दांपत्याने १९९५ साली तो सहा मापांसाठी करून दाखविला, आणि गणिताने वर्तविलेली पिलांची मापे व प्रत्यक्ष मोजलेली मापे यांचा बराच चांगला मेळ बसला. पक्ष्यांच्या एका पिढीवरून दुसरीचे भाकीत वर्तवावे आणि ते पडताळावे, हे जीवशास्त्रात नित्य घडत नाही.

मात्र भाकीत एका पिढीपुरतेच. पाऊस केव्हा पडेल हे गणितात नसते. १९८२-८३ साली एल निनोमुळे त्या कोरड्या बेटावर १,३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. वेलींनी सारे बेट झाकून टाकले, सराट्याची झाडे त्यांच्याखाली गुदमरली, आणि जमिनीवर बारीक बियांचा खच पडला. त्यानंतर जेव्हा टंचाई आली तेव्हा बारीक बी चटाचट टिपणारे लहान चोचीचे पक्षी तरले आणि थोराड पक्षी मागे पडले. आठ वर्षांपूर्वी ज्या चोचीने प्राण वाचविले तीच आता ओझे झाली.

मापे एकमेकांना बांधली कशाने, याचा काहीसा उलगडा नव्या शतकात झाला. हार्वर्ड विद्यापीठातील अर्खात अब्झानोव्ह, क्लिफर्ड टॅबिन आणि ग्रँट दांपत्य यांनी अंड्यातील भ्रूणांची चोच घडत असतानाच तपासली. २००४ साली त्यांनी दाखविले की बीएमपी-४ नावाचे प्रथिन जाड चोचीच्या जातींत लवकर आणि अधिक प्रमाणात निर्माण होते. कोंबडीच्या भ्रूणात त्याचे प्रमाण वाढविले तेव्हा चोच जाडही झाली आणि रुंदही. २००६ मध्ये कॅल्मोड्युलिन हे दुसरे प्रथिन पुढे आले. त्याने चोच लांब होते, जाडी-रुंदीत मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणजे जाडी आणि रुंदी ही एकाच दावणीची जनावरे, लांबीचा खुंटा निराळा. १९७७ साली रुंदी का फरफटली, याचे उत्तर असे अंड्याच्या आत सापडते. त्यानंतर २०१५ मध्ये चोचीच्या बोथट वा टोकदार घडणीशी संबंधित एएलएक्स-१ हे जनुक आणि २०१६ मध्ये तिच्या एकंदर आकारमानाशी संबंधित एचएमजीए-२ हे जनुक स्वीडनमधील उप्साला येथील लाइफ अँडरसन यांच्या गटाने ग्रँट दांपत्याच्या सहकार्याने ओळखले.

चोच केवळ खाण्याचेच साधन नव्हे, ही गोष्ट येथे जाता जाता सांगून टाकतो. नर फिंच गातो तेव्हा सुरांबरोबर चोच भराभर उघडमीट करतो. जड चोचीला ही चपळाई साधत नाही. तिचे गाणे संथ आणि आटोपशीर असते, असे जेफ्री पोडोस यांनी २००१ साली दाखविले. मादी तर जोडीदार गाण्यावरून ओळखते. सराट्याने चोच बदलली की तिच्यामागे गाणेही ओढले जाते, आणि गाण्यामागे सोयरीक.

२००३ ते २००५ या काळात पुनः दुष्काळ पडला. १९७७ चा अनुभव पाहता जाड चोच पुनः जिंकावी अशी कोणीही अपेक्षा केली असती. घडले विपरीत. १९८२ च्या अखेरीपासून मॅग्निरोस्ट्रिस नावाचा, फॉर्टिसहून पुष्कळ मोठ्या चोचीचा फिंच बेटावर वीण करू लागला होता. सराट्याची फाक तो सहज फोडी. त्याची संख्या वाढली आणि दुष्काळात उरलेला सराटा त्याने फस्त केला. फॉर्टिसमधील थोराड पक्षी नेमके त्याच अन्नावर अवलंबून असल्याने उपाशी मेले. बारीक बियांवर भागविणारे लहान चोचीचे वाचले. चोचीचे सरासरी आकारमान खाली आले. वर उल्लेखिलेल्या एचएमजीए-२ जनुकाच्या दोन प्रकारांपैकी लहान चोचीशी निगडित असलेला प्रकार ज्यांच्यापाशी होता तेच या वेळी अधिक टिकले, असे जुन्या रक्तनमुन्यांवरून आढळून आले.

या सर्व कथेत सराट्याकडे मात्र आपण केवळ पक्ष्याचे खाद्य म्हणून पाहिले. त्याच्या बाजूने पाहिले तर फिंच हाच त्याचा दुष्काळ. सोफिया कार्वाहाल-एंदारा आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गॅलापागोसच्या निरनिराळ्या बेटांवरील सराट्याच्या फाका गोळा करून तपासल्या. फाकेचा आकार, तिचा टणकपणा, काट्यांची संख्या, काट्यांची लांबी ही येथली मापे, आणि तीही परस्परांत गुंतलेली. लहान, टणक, लांब वा अधिक काट्यांच्या फाकांतील बी चोचीतून अधिक प्रमाणात वाचलेले आढळले. पण कोणत्या मापावर दाब किती, हे बेटागणिक आणि वर्षागणिक बदलत होते. फाकांच्या त्या ढिगातही, ग्रँटांच्या वहीतल्याप्रमाणेच, प्रत्येक फाकेची सारी मापे एकत्र मांडूनच हिशेब करावा लागला.